मीठ बघा

चाकूरजवळच्या त्या गावात सप्ताह बसला की काल्याच्या दिवशी येसर आमटीची कढई सरजाबाईची, हा रिवाजच. यंदा मात्र बचत गटाची सिंधू लातूरला नेतृत्व आणि संवादकौशल्याचं शिबिर करून आली आणि गावानं झारा तिच्या हाती दिला.

"घे बाई," सरजाबाई म्हणाली. "पन आमटी बिघडली, तर पुढच्या साली झारा माझा अन् खरकटी तुझी."

शिबिरात शिकवलं होतं, सगळ्यांकडं बघून, हसून, सूचना द्यावी. सिंधू हसली. "मीठ बघा गं!"

"हाव!" कढईभोवतीच्या सगळ्या बाया एका सुरात.

शिल्पानं बघितलं, म्हणजे टाकलं. मल्लम्मानंही बघितलं. सरजाबाईनं तर ओंजळीनं बघितलं. सिंधूनं चाखली आणि तिला क्षीरसागर सोडून बाकी सगळे सागर आठवले.

"बघा म्हंजे चाखा म्हनलं व्हतं मी!"

"मग चाखा म्हनायला काय जीभ झडली व्हती?" सरजाबाई कडाडली. "लातूरला काय निस्तं हसायला शिकवलं का?"

पंगत बसायला आली होती. जिलानीचाचाच्या भोंग्यातून वैजनाथ महाराजांचं कीर्तन रंगात आलेलं. महाराज अर्धं चरण म्हणायचे, एका टाळकऱ्याकडं बघायचे आणि गप्प. उरलेलं तो उचलायचा. अर्धंच गातो अन् हार मात्र अख्खा घेतो, सिंधूच्या मनात आलं. मग तिनं कानाला हात लावला. पांडुरंगा, मर्म तर हेच हाय की!

ती वळली. "सरजामावशी, दुसऱ्या कढईत बिनमिठाचा येसर..." आणि तोंड मिटलं. तेवढं मिटायला फार कष्ट पडले.

सरजाबाईनं पदर खोचला. "...मी शिजवते अन् ह्याच्यात वतते. सरक तिकडं!"

"शिल्पा, पानी..."

"मी तापवते."

"मल्लम्मा, मीठ..."

"देवाशपथ, मी हात लावत न्हाई!"

पंगतीत महाराजांनी भुरका मारला. डोळे मिटले. कढईपाशी सगळ्यांनी माना उंचावल्या.

"वा! येसर असावा तर असा," महाराज म्हणाले. "फक्त जरा मीठ बघा हो."

तीन हात मिठाच्या डब्याकडं गेले आणि वाटेतच थांबले.

"आमाला न्हाई, महाराज," सरजाबाई म्हणाली. "झारेवालीला सांगा."

सिंधूनं हात जोडले. "माउली, बघू म्हंजे, टाकू का चाखू?"