सरपंचबाईंचा नवरा

चिमणाबाई म्हशीच्या धारेला बसली होती आणि पंचायतीचा शिपाई आकाराम रजिस्टर काखेत मारून गोठ्याच्या दारात उभा होता. परका माणूस दिसला की ही म्हैस पान्हा चोरते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी हा बाबा नेमका त्याच वेळेला उगवायचा.

"आकाराम, तुला कितींदा सांगितलंय, धारंच्या वक्ताला तोंड दावू नगंस म्हणून?"

"आण्णांनी धाडलंय वैनी. तीन सह्या हायत. आज शिरोळला, तालुक्याच्या हापिसात कागद जायाला पायजेत म्हणत्यात."

"कसले कागद?"

"आता त्ये मला काय म्हाईत? मी वाहून आणतोय, तुमी सही करताय."

एवढं बोलून तो दात काढून हसला. चिमणाबाईनं हात पदराला पुसला, आकारामनं जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं सही ओढली आणि पुन्हा म्हशीच्या बुडाशी जाऊन बसली. म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच.

अडीच वर्षांपूर्वी गावचं सरपंचपद बाईमाणसाला राखीव झालं. चिमणाबाईला उमेदवारी मिळाली हे तिला कळलं ते अर्जावर सही करताना. ती निवडून आली, गुलाल उधळला, आणि गुलालानं माखला तो तिचा नवरा, आण्णा. तेव्हापासून गावाला सरपंच होती, सरपंचाला खुर्ची होती आणि खुर्चीत आण्णा बसत होता. गाडीच्या काचेवर त्यानं लाल अक्षरात 'सरपंच' लिहून घेतलं होतं. लोकही त्याला आण्णा सरपंच म्हणायचे. चिमणाबाईला कुणी काही म्हणत नसे, फक्त रजिस्टर पुढं करत.

तिला याचा राग येत नसे. राग यायला माणसाला थोडी तरी किंमत द्यावी लागते. तिला आण्णाची मनापासून किळस यायची. दुभती म्हैस कोणती आणि भाकड कोणती हे न कळणारा हा माणूस कडक इस्त्रीची कापडं घालून शेतकऱ्यांच्या प्रश्नावर भाषण ठोकायचा, आणि ती समोरची येडी टाळ्या वाजवायची. ह्या गावाला आण्णाच शोभतो, असं ती मनात म्हणायची आणि शेणाची पाटी उचलायची. असल्या तिरस्काराला कष्ट पडत नाहीत, त्यामुळं तिच्याजवळ तो मायंदाळ साठला होता.

दुपारी एकच्या सुमाराला तेजस्वी पळत आली. तिची थोरली लेक, नववीला. दप्तर उंबऱ्यात टाकलं, चप्पल न काढता परसातल्या संडासात गेली आणि बऱ्याच वेळानं घामानं भिजून परत आली. शाळा दीड किलोमीटरवर, उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेल्या रस्त्यानं. मधल्या सुट्टीत रोजची ही पळापळ ठरलेली.

"पाणी पी की गं. व्हट बघ कसं वाळल्यात."

"नगो. प्यालो की परत यायला लागतंय."

"शाळंत बांधलंय की त्ये पोरींचं. फीत मीच कापलीया."

"फीत कापलीस. कुलूप कोण काढणार? दोन वर्स झाली."

"पाण्याची लाईन आली न्हाय अजून. लाईन आल्याबिगार उघडलं तर घाण व्हईल, असं तुजा बा म्हणतोय."

"बा म्हणतोय! सरपंच कोण हाय आई? तू का बा?"

चिमणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "मला कशापायी इचारतीस? किल्ली त्येच्याकडं हाय. त्येला सांग."

"सांगितलं. बघू म्हणला. माझ्या वर्गातली मोना तर म्हैन्यातनं चार दिस शाळंतच येत न्हाय. औंदा म्हणं तिचं नाव काढणार हायत." तेजस्वीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घालायच्या आधी आईकडं बघितलं. ती नजर चिमणाबाईच्या ओळखीची होती. आण्णाकडं बघताना तिची स्वतःची नजर तशीच असायची. आता पोरीनं ती तिच्यावरच लावली होती, आणि हे तिला फार लागलं.

"उद्या सभा हाय शाळंत," तेजस्वी म्हणाली. "आमच्या नववीची ग्रामपंचायत केलीया मॅडमनी. मतपेटी ठेवून. मी सरपंच झालोय. तुला आन् बाला पावणं म्हणून बलीवलंय."

"तू सरपंच व्हऊन काय करणार?"

"तू करतीस त्येच," असं म्हणून पोरगी दप्तर उचलून निघून गेली.

मैथिली मॅडम शहरातल्या शाहूपुरीतून रोज एस.टी.नं यायच्या. नागरिकशास्त्र शिकवायच्या आणि त्यावर त्यांचा फार विश्वास होता. पोरं नुसतं पाठ करतात, त्यांना राज्यकारभार करून बघू दे, असं त्यांच्या डोक्यात आलं. अर्ज भरून घेतले, गुप्त मतदान घेतलं, सरपंचपद गावासारखंच मुलींना राखीव ठेवलं. मग प्रत्यक्ष कामकाज बघून या म्हणून पोरांना वह्या देऊन ग्रामपंचायतीच्या सभेला धाडलं. त्या दिवशी मॅडमना जयसिंगपूरला प्रशिक्षण होतं, म्हणून पोरं एकटीच गेली. जे दिसलं ते इमानदारीत लिहून घेतलं आणि तसंच्या तसं बसवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पहिल्या ओळीत पाहुण्यांच्या दोन खुर्च्यांवर आण्णा आणि त्याच्याशेजारी चिमणाबाई, मागं सतरंजीवर गावातली पाच-पन्नास मोकळी माणसं. पोरांचं सरकार बघायला येणाऱ्यांना घरात काय काम नसावं, असं चिमणाबाईला वाटलं. तीही त्यातच होती, ते वेगळं.

टेबलामागं एकच खुर्ची होती. मॅडमनी घंटी वाजवली आणि जाहीर केलं, "सरपंचांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं."

आदर्श नावाचा एक उंच पोरगा उठला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कानाला मोबाईल म्हणून कंपासपेटी. तो थेट खुर्चीवर जाऊन बसला. तेजस्वी डोक्यावर ओढणी घेऊन कोपऱ्यात जमिनीवर बसली आणि कोथिंबीर निवडायला लागली.

लोक खुदखुदायला लागले. ग्रामसेवक झालेली मोना वही घेऊन तेजस्वीजवळ गेली, बोट ठेवलं. तेजस्वीनं हात ओढणीला पुसला, वहीकडं न बघता सही केली आणि परत कोथिंबिरीला लागली. आता हशा पिकला. चिमणाबाईचे कान तापले. कुणीतरी मागून म्हणालं, "अगदी चिमणावैनीच की!"

आण्णा मात्र खूष होता. आदर्शनं पाय पसरून, मान तिरकी करून "बोला पावणं, काय काम काढलंसा?" म्हटल्यावर तर त्यानं मांडीवर थाप मारली. "ब्येस! पर आवाज चढव रं जरा!"

"विषय एक," मोनानं वाचलं. "मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढणे."

"काढू की," आदर्श म्हणाला. "लाईन मंजूर हाय. सायबांच्या कानावर घातलंय. पुढचा विषय घ्या."

मॅडमच्या आता ध्यानात आलं. त्या पुढं झाल्या. "आदर्श, तू खुर्चीत का बसलायस? तू कोण आहेस?"

"मी सरपंचबाईंचा नवरा मॅडम."

"तुला कुणी निवडून दिलंय?"

"न्हाय मॅडम."

"मग ऊठ तिथनं. ज्याला निवडलेलं नाही त्याला त्या खुर्चीत बसता येत नाही."

पोरगं बावरलं. त्यानं वही उघडून मॅडमपुढं धरली. त्याला खरोखरच आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. "मॅडम, सरपंच बाई असली की खुर्चीत नवराच बसतोय. आमी बगून आलोय की. ह्ये बगा, लिवून आणलंय. आण्णांना तरी कुणी निवडून दिलंय?"

 आण्णाचं हसू तोंडावरच राहिलं, काय करावं ते त्यालाही कळेना. मॅडमनी एकदा आण्णाकडं बघितलं, एकदा वहीकडं, आणि त्यांचा नागरिकशास्त्रावरचा विश्वास दोन मिनिटं कुठं गेला कुणास ठाऊक.

"कुणाचं रं तू?" आण्णा अखेर बोलला. "लई शाणा झालास व्हय? मॅडम, ह्येच शिकवताय काय शाळंत?"

"त्येला बोलू नका," तेजस्वी उठून उभी राहिली. "इषय संपला न्हाय अजून. किल्ली कुणाकडं हाय त्ये सांगा. सभा इचारतीया."

"घरला चल, मग सांगतो तुला सभा काय असतीया ती."

चिमणाबाई उठली. आपण का उठलो हे तिला नीट सांगता आलं नसतं. मागं तिची खुर्ची पडली ती तिनं उचलली नाही.

"किल्ली द्या," ती आण्णाला म्हणाली.

"आं?"

"पोरींच्या संडासाची किल्ली. द्या हिकडं."

"तू खाली बस. लोकं बघाल्यात."

"बघू द्यात. त्येंनीच मतं दिलीती मला. किल्ली द्या."

"हारवली," आण्णा म्हणाला. "कवाच हारवलीया. नवी करून घ्यायची हाय."

"मग ह्ये कुलूप ठेवून काय करायचंय?"

ती चालायला लागली. शाळेच्या मागच्या अंगाला निळ्या रंगाची ती खोली होती. दारावर स्वच्छतेचं चित्र आणि खाली चिमणाबाईचं ठळक अक्षरातलं नाव. आण्णा तिच्या मागं मागं आला. "चिमणे, ऐक माझं. आज नगं. उद्या उघडू, मी माणूस आणतो." सकाळपासून कडक असलेली त्याची इस्त्री काखेत ओली झाली होती. अडीच वर्षांत त्यानं तिला कधी ऐक माझं म्हटलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. एका कुलपासाठी हा एवढा का घाबरतोय, असं तिला वाटून गेलं. पण हात थांबला नाही. तिनं भिंतीकडेचा धोंडा उचलला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. मागं पोरींनी टाळ्या वाजवल्या.

तिनं दार ओढलं.

आत काहीच नव्हतं. भांडं नव्हतं, नळ नव्हता, पाईप नव्हता, मैलाखड्ड्याला वाट नव्हती. खाली काळी जमीन, त्यात उगवलेलं पांढुरकं गवत, आणि दगड होऊन बसलेलं एक सिमेंटचं पोतं. चार भिंती, वर पत्रा आणि बाहेर दार, एवढंच बांधलं होतं. दोन वर्षं गावानं ह्या मोकळ्या जागेला कुलूप लावून ठेवलं होतं.

टाळ्या थांबल्या. मोनानं वाकून आत बघितलं आणि मागं सरली.

चिमणाबाईनं हातातला धोंडा खाली ठेवला. आण्णा चोर आहे, यात तिला नवल वाटलं नाही. पण काम पुरं झालं म्हणून कुणीतरी लिहून दिल्याशिवाय असल्या कामाचं बिल निघत नसतं. त्या कागदावर सही कुणाची हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गर्दीतला आकाराम घाम पुसत मागच्या मागं सटकायला बघत होता. एवढी वर्षं सगळ्या गावावर ओतलेला तिरस्कार आता तिला स्वतःवरच घ्यावा लागला, आणि तो तिला सोसवेना.

"आई," तेजस्वी हळू म्हणाली. पोरीच्या आवाजात कालची धार नव्हती. तिला रडू येत होतं.

"मोना, कागद दे. आन् पेन."

मोनानं वहीतलं पान फाडून दिलं. चिमणाबाई तिथंच दाराच्या पायरीवर बसली आणि मांडीवर कागद घेऊन लिहायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली, वीस-पंचवीस वर्षांत सहीपलीकडं काही लिहिलेलं नाही. अक्षरं मोठी मोठी आली. लिहिता लिहिता ती मोठ्यानं म्हणत होती, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह झालेलं नाही. झालं म्हणून मी सही केली आहे. न बघता केली आहे. चौकशी करावी.

"अगं, खुळी का काय तू?" आण्णानं कागदाला हात घातला, पण एवढ्या लोकांत ओढायचा धीर झाला नाही. तो खाली वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पद जाईल की गं! सरपंचपद जाईल!"

"जाऊ द्या," चिमणाबाई म्हणाली. "तुमचं जाईल. माझं कवा हुतं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. तिनं खाली सही केली, कागदाची घडी घातली आणि पोलक्यात खोचली. मैथिली मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडं वळून तिनं विचारलं, "मॅडम, तुमी रोज येताजाता. शिरोळला जायाला आता एष्टी किती वाजता हाय?"

"सव्वातीनची आहे," मॅडम म्हणाल्या. "मी येते तुमच्याबरोबर."

"आमी बी येतो," आदर्श म्हणाला. त्यानं वही काखेत मारली आणि आण्णाला वाट सोडायला सांगितलं.