तेलपाणी

मी भांडखोर आहे हे अख्ख्या फोपनार गावाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ऐन वेळी माझी वाचा बसली, आणि त्याचीच आग अजून डोक्यात आहे.

आमच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये यंत्रमानव आले त्याला हे तिसरं वर्ष. दोन हात, दोन पाय, दहा बोटं, सगळं माणसासारखं. कंपनीनं ते वर्षाच्या करारावर दिले, म्हणून गावानं त्यांचं नाव ठेवलं सालदार. दिवसभर केळीचे घड उचलायचं काम त्यांचं, आणि संध्याकाळी त्यांना साफसूफ करून उभं करायचं काम माझं. केळीचा चीक काय चीज आहे ते शहरातल्याला कळायचं नाही. बोटांच्या सांध्यात सुकला की काळा पडतो, हलता हलत नाही. मी बारीक ब्रश घ्यायची, स्पिरिटचा बोळा फिरवायची, एकेक बोट वाकवून बघायची, मग चार्जिंगला लावायची. पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. सहा सालदार, पण एकही बंद पडला नव्हता. या दिवाळीपासून मला पक्की करणार होते. देखभालवाली म्हणून नावाचं कार्ड मिळणार होतं. आजवर मला कुणी मजूर सोडून काही म्हटलं नाही, म्हणून त्या कार्डात माझा जीव अडकला होता.

शेडचा सुपरवायझर अरविंद, माझ्या शेजारच्या गोदाबाईचा पोरगा. मला मावशी म्हणतो. एकदा मोठे व्यापारी शेड बघायला येणार होते. मी पोचते तर काय, हा बाबा पाइप लावून चार नंबरच्या सालदाराला आंघोळ घालतोय!

"अरे मेल्या, काय करून राहिला? सांध्यात पाणी जाईल ना!"

"कुछ नहीं होता मावशी. घड धुतो तसाच धुतला. चमकला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी चार नंबर खांद्यावर घड घेऊन उभा राहिला तो राहिलाच. आतून जळका वास यायला लागला. अरविंद रडकुंडीला आला. "मावशी, पाइपचं बोलू नका. नोकरी जाईल माझी. तुमच्यावर काही येऊ देणार नाही, आईची शपथ." पोरगं आपलंच, म्हणून मी हो म्हटलं.

चौकशीला बंगळुरूहून कंपनीचे साहेब आले. मराठी त्यांना येत नव्हती, हिंदीही जेमतेम. पाणी कुठून गेलं, त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, मी सांगितलं. मग त्यांनी टॅबलेटवर रोजच्या नोंदी उघडल्या. त्या अरविंदच करायचा. माझ्या नावानं रोज एकच ओळ: 'तेलपाणी, सोजरबाई.'

आता आपल्याकडे गाडीची सर्व्हिसिंग म्हणजे तेलपाणी, मोटारपंपाची निगा म्हणजे तेलपाणी. शेंबड्या पोरालाही कळतं. पण साहेबांचे डोळे पांढरे झाले.

"आप रोज़ इसमें तेल और पानी डालती थीं?"

मला हसूच फुटलं. "नाही हो साहेब! वो बोलने की पद्धत है हमारी. तेलपाणी म्हणजे देखभाल. अरविंदला विचारा ना."

साहेब त्याच्याकडे वळले. "क्या मतलब होता है इसका?"

मी निर्धास्त होते. एका शब्दाचा अर्थ सांगायला त्याचं काय जात होतं? पण खरा अर्थ सांगितला तर साहेब पुन्हा विचारणार, मग पाणी आलं कुठून? हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा बघून माझ्याही आलं.

"तेल और पानी, सर," तो म्हणाला. "मैंने बहुत मना किया था. सुनती नहीं हैं."

आता पाइपचं सांगू तर कोण ऐकणार? माहीत नाही असं मीच तर सांगून बसले होते, तेही त्याच्यापायी. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कार्डाचा विषयच संपला. काम गेलं त्याचं दुःख आहेच, पण ज्याला मी पाठीशी घातलं त्यानंच माझा गळा कापला, हे मला सहन होत नाही.

गेटपर्यंत तो मागे धावत आला. मला वाटलं, माफी मागतोय.

"मावशी," इकडंतिकडं बघत तो हळूच म्हणाला, "आईला सांगू नका."

मी सरळ गोदाबाईच्या घरी गेले.