गोदाकाकूंची जीभ

"हं, पुरे!" नीरजा म्हणाली, आणि शेजारच्या उल्काने खरोखरच कढई चुलीवरून उतरवली!

गोदाकाकू समोर असताना 'पुरे' हा काय सुनेने म्हणायचा शब्द होता? गेली पंचवीस वर्षं आळीत कुणाच्याही घरी आंब्याचा रस आटत असो, काकूंनी जीभ लावून 'पुरे' म्हटल्याशिवाय कढई हलत नसे. दर वर्षी आंब्याची गोडी वेगळी, त्यामुळे साखर किती ते पुस्तकात कुठलं सापडायला? ते काकूंच्या जिभेवर! मे महिन्यात त्या पदर खोचून चार-चार घरं फिरायच्या, आणि तोरा असा की बोर्डाच्या परीक्षकांनी उठून उभं राहावं.

यंदा मात्र मार्चात काकूंच्या रक्तातली साखर निघाली तीनशे दहा. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद नीरजाने फ्रीजवर चिकटवला. नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी भरपूर, भात एकच मूद. सगळ्यांत खाली 'आटवलेला रस बंद', आणि त्याखाली लाल रेघ. रेघ नीरजाची!

तेही काकूंनी गिळलं असतं. पण आज उल्काने कुंपणावरून हाक मारली ती, "नीरजा, येतेस का गो चव बघायला?" नीरजा तर कोल्हापूरची मुलगी! लग्नाआधी हिला रायवळ आणि हापूस यांतला फरक ठाऊक नव्हता. काकू मागोमाग निघाल्याच.

"तुम्ही कशाला दगदग केलीत, काकू? आराम करा हो आता," उल्का म्हणाली. त्यातलं 'आता' काकूंना कुसळासारखं टोचलं.

त्यांनी कढईत डोकावून पाहिलं. रस कालथ्यावरून ओघळत होता. म्हणजे पाणी राहिलं होतं, साखरही कमी. भाद्रपदापर्यंत बरणीत बुरशी ठरलेली. येऊ दे! गणपतीत झाकण उघडलं की कळेल सगळ्या आळीला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच काकूंना काहीतरी गोड लागलं.

उल्का बरण्या आणायला आत गेली. नीरजा जवळ सरकली.

"आई, खरं सांगा. जमलंय न्हवं?"

"मला काय विचारतेस मेलं? तुझी जीभ लावलीस ना?"

"माझ्या जिभेचं काय खरं न्हाई. मला हल्ली सगळंच लई गोड लागतंय."

"का गो? तुला काय झालंय?"

"काय न्हाई ओ. मार्चपास्नं चहासुदिक बिनसाखरेचा घेतेय. तुमच्या पानात जे, तेच माझ्या पानात. तुम्ही एकट्याच कुठं खात बसणार ते?"

काकूंना आठवलं, रोज शेजारी बसून ही नाचणीची भाकरी मोडत असते. कोल्हापूरकडची आवड असेल, असं समजून त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दाराकडे वळल्या. मग ओरडल्या, "उल्का! चढव ती कढई परत! आणि आणखी दोन वाट्या साखर घाल."

रस पुन्हा रटरटायला लागला. काकूंनी नीरजाचा हात धरून तिला चुलीजवळ ओढलं. "जिभेवर भरवसा ठेवू नकोस. बशीत थेंब टाक. तिरकी कर. पसरतोय?"

"पसरतोय."

"मग हलव."

पाचव्या थेंबाला काकूंनी बोट लावून पाहिलं. हलला नाही. नीरजाने त्यांच्याकडे न बघता स्वतःच कढई उतरवली.

केशरी झालेलं ते बोट जिभेला न लावता, अंगापासून लांब धरून काकू मागच्या नळाकडे गेल्या. बोट स्वच्छ झालं तरी बराच वेळ त्यांनी ते पाण्याखालीच धरलं होतं.