सुई चालते, पाणी चालत नाही

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. जऊळक्याच्या एका दवाखान्याच्या माळ्यावर, फुटक्या बादलीशेजारी पडलो आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू गोड बोलतात असा तुमचा समज असेल तर तो सोडा. माझा जन्मच भडकण्यासाठी झाला.

डॉक्टरांनी मला अकोल्याच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझ्या टाकीत तोंड दिसायचं. दवाखाना म्हणजे स्टेशनच्या वाटेवरच्या दोन खोल्या. येणारे बहुतेक मजूर आणि गरीब. चूल जशी तीन दगडांवर, तसा तो दवाखाना तिघांवर उभा होता. डॉक्टर नाडी बघत, देवमन कंपाउंडर बाटल्यांत औषध भरून देई आणि लिलाबाई नर्स सुया देत, जखमा धुवत, बाळंतिणींच्या घरी जाऊन येत. कोणाचं पोर वाळत चाललंय, कोण औषधाची बाटली नुसती कोनाड्यात ठेवून देतं, हे त्या येऊन सांगत. मग तिघं मिळून ठरवत आणि औषध बदले. एकट्याला ते जमलं नसतं. रिसोडकडचे रोगीही आमच्याकडे येत. लोक म्हणत, "जऊळक्याले जा, गुन येतेच."

लिलाबाई बौद्ध होत्या. सुया त्याच माझ्यावर उकळत. चहा मात्र देवमन करी, आणि लिलाबाईंची कपबशी खिडकीत वेगळी पालथी असे. त्यांच्या हातची सुई सगळ्यांच्या दंडात जाई, त्यांच्या हातचा चहा कोणाच्या घशाखाली उतरत नसे. हे रोजचं होतं, म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नसे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. विहिरींत गाळ उरला होता. एका दुपारी मनकर्णाबाई नावाची म्हातारी नातवाला घेऊन आली, बरोबर तिची सून वच्छला. पोर नुकतं चालायला लागलेलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून चिरलेले. सलाईन लावायला डॉक्टरांनी शीर शोधली, ती सापडेना. ते म्हणाले, "आता तोंडानेच पाणी द्या. उकळलेलं, साखर-मीठ घालून, चमच्याचमच्याने. लगेच!"

साथ होती म्हणून लिलाबाई रोज एक गडूभर पाणी उकळून, निववून ठेवत. त्या वाटी-चमचा घेऊन पुढे आल्या. मनकर्णाबाईने पोराच्या तोंडावर पदर धरला.

"सुई मारा, किती बी मारा. पानी तिच्या हातचं नाई पाजू देनार."

"मामी, तोंड उघडून राह्यला व तो," वच्छला रडत सासूला म्हणाली. "पाजू द्या न."

"गप! उद्या भावकीत काय तोंड दाखवू?"

"मावशी, मी दूर उभी राह्यते," लिलाबाई म्हणाल्या. "तुमीच पाजा."

"उकयलं तं तूनंच न?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी, एकच. पण बाहेर ओट्यावर म्हातारीच्याच भावकीतले रोगी बसले होते. डॉक्टर म्हणाले, "वाद नको. देवमन, तू दुसरं कर."

देवमनने शेजारून पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, आणला, पाणी आणलं. मग म्हातारीची नजर माझ्यावर गेली.

"अन् हा इस्टू? याच्यावर बी तिचाच हात असते."

मी पेटलेला होतो. देवमनने मला विझवलं, विटाळ जावा म्हणून राख फासली आणि दोन लोटे पाणी ओतून शुद्ध केलं. मित्रांनो, स्टोव्हला आंघोळ घालणारे शहाणे जगात दुसरीकडे सापडायचे नाहीत! पाणी बर्नरात गेलं. काकडा लावला की मी फुरफुरे आणि विझे. पंप मारला की नुसता काळा धूर ओके. लिलाबाईंनी पिन पुढे केली. "जमिनीवर ठेव," म्हातारी म्हणाली. त्यांनी ठेवली, देवमनने उचलली. मला पेटायचं होतं हो, जीव तोडून पेटायचं होतं! पण ओला स्टोव्ह पेटत नाही.

हाताच्या अंतरावर लिलाबाईंचा गडू झाकून ठेवलेला होता. पोर पदराचा काठ चाटत होतं. मग चाटायचं थांबलं. मी सुकून कसाबसा पेटलो होतो; देवमनच्या गंजात तेव्हा कुठे बुडबुडे येऊ लागले होते.

वच्छलाने हंबरडा फोडला. डॉक्टर हात धुवायला गेले. म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. गाव लांब होतं, ऊन तापलं होतं. इथेच आंघोळ घालून पोराला न्यायचं ठरलं. देवमन आपला गंज उचलू लागला, तेव्हा ती म्हणाली, "ते राहू दे. ते चांगलं पानी हाय, प्यायले होईन."

मग लिलाबाईंकडे न बघता म्हणाली, "तुह्यं हाय न गडूतलं? आन ते. आता त्याले कायचा विटाय?"

लिलाबाईंनी गडू आणला. म्हातारीने तो त्यांच्या हातातूनच घेतला. ते पाणी पोराच्या चिरलेल्या ओठांवरून वाहत फरशीवर गेलं.

मित्रांनो, मला खाली उतरवा, घासा, नाहीतर भंगारात घाला, माझं काही अडत नाही. पण तहानलेल्या लेकरापुढे कोणी वाटी धरली, तर तो हात कोणाचा हे विचारू नका. दुसरं कोणी विचारत असेल, तर त्या डॉक्टरांसारखे मान खाली घालू नका. आधी लेकराला पाजा, भांडण मागाहून करा.