चांद छाप बाटलीची साक्ष

मी गोटीच्या सोड्याची बाटली बोलतेय. जाड हिरवट काचेची, गळ्याला चिमटा काढल्यासारखी, आणि त्या गळ्यात कायमची अडकलेली काचेची गोटी. माझ्या जातीनं लोकांची तहान भागवली, तशी लोकांची डोकीही फोडली. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं.

माझा जन्म जाळातला. लाल वितळलेली काच साच्यात दाबून पोटावर चंद्रकोर उठवली आणि मी चांद छाप झाले. लॉरीत बसून घाट उतरले ती खेडला, जगबुडी नदीकाठी वजीरभाईंच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक पडवी, गॅसची टाकी आणि बाटल्यांना गरगर फिरवणारं लोखंडी यंत्र. गॅस वाजवीपेक्षा जास्त झाला की आमच्यातली एखादी बंदुकीसारखी उडे. अशाच एकीनं वजीरभाईंचा उजवा डोळा नेला होता. तरी भरायला तेच उभे राहत.

त्यांची बायको रझिया म्हणे, “दुसरा पण घालवायचाय काय?”

“गॅस कमी मारला तर गोटी वाजत नाय,” ते म्हणत. “गोटी वाजली नाय तर तो चांद कसला?”

आम्ही जात असू एसटी स्टँडासमोरच्या महिपतच्या हॉटेलात. शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी गाडीतून उतरत ते थेट त्याच्याकडे. टपावरच्या ट्रंका टपावरच, आणि हे अंगठ्यानं गोटी दाबून डोळे मिटून पीत उभे. “चांद पोटात गेला की गाव आलं,” असं म्हणत. कुणी चुकून दुसरी छाप मागितली तर महिपत मान वर न करता सांगे, “मग दुसरं हाटेल बघ.”

त्यालाही कारण होतं. जगबुडीच्या पुरात हॉटेल बुडालं तेव्हा त्याला आणि त्याच्या बायकोला, हौसाला, माळ्यावरून होडीत घेतलं ते वजीरभाईंनी. तेव्हापासून चांद म्हणजे महिपतचं इमान. कुणी चांदला नावं ठेवली तर त्याचे कान तापत.

मग बाजारात झुळूक छाप पेय आलं. रंगीत, गोड, पत्र्याच्या बुचाचं. त्याचा एजंट आप्पा स्टँडावर हॉटेलं फिरला. बर्फाची लाल पेटी देऊ, दारावर रंगीत पाटी देऊ. अट एकच, दुसऱ्या कुणाचा माल ठेवायचा नाही. एकेक करून सगळ्यांनी पेट्या घेतल्या. महिपतनं त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

“गिऱ्हाईक आमचंच होणार,” आप्पा म्हणाला. “तू कशाला चांदला धरून बुडतोस?”

“मी बुडालेला, तेव्हा तू खयं होतास?” महिपत म्हणाला.

होळीच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, आप्पा माणसं घेऊन आला. त्यांनी आमचे खोके उचलून डांबरावर आपटायला सुरुवात केली. भरलेल्या होत्या सगळ्या. एकेक फुटली की फटाका वाजावा तसा आवाज होई, फेस उडे आणि काच माणसांच्या पोटऱ्यांत घुसे. सुट्या झालेल्या गोट्या गटाराकडे घरंगळत गेल्या. हौसा आडवी आली, तिला कुणीतरी केसांना धरून बाकड्यावर ढकललं. तिच्या कपाळातून रक्त आलं.

मी फळीवर होते. महिपतचा हात माझ्या गळ्याभोवती पडला. रोज हळुवार पुसणारा तो हात, मला ओळखू आला नाही. आप्पा केव्हाच मागे सरकला होता. समोर होता केरू, स्टँडावरचा हमाल, हातात खोका घेतलेला.

“दादा, मी—” एवढंच तो बोलला.

महिपतनं मला त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा हाणून तो थांबला नाही. मी जाड काचेची, मी फुटले नाही. केरूचा डोळा फुटला.

पोलिसांनी मला फडक्यात गुंडाळून नेलं, आणि खटला उभा राहिला तेव्हा कोर्टात टेबलावर ठेवलं. केरू साक्षीला आला, अर्ध्या तोंडाला पट्टी.

“तू झुळूकचा माणूस?” वकिलांनी विचारलं.

“हमाली झुळूकची केली साहेब. पीत होतो चांदच. महिपतदादाच्याच हाटेलात.”

पिंजऱ्यातल्या महिपतनं गज घट्ट धरले.

वजीरभाईंना मला दाखवण्यात आलं. त्यांनी मला उचललं, चंद्रकोरीवर अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. “बाटली माझी,” ते म्हणाले. “कारखाना मी बंद केला. एका डोळ्याचा संसार काय असतो मला ठाऊक आहे. ज्या छापेपायी दुसऱ्याचा डोळा जातो, ती मला नको.”

“वजीरभाई, मी तुमच्यासाठी—” महिपत म्हणाला.

“मी सांगितलं नव्हतं, महिपत,” वजीरभाई म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

शेवटी हौसा आली. कपाळावर व्रण. वकिलांनी विचारलं, “हॉटेल चालू आहे? काय विकता आता?”

“झुळूक,” ती म्हणाली. “पोटाला काय खायचं? मुंबईची माणसं येतात, चांद मागतात. नाय म्हटलं की म्हणतात, मग झुळूक दे.”

पुढे सजा झाली तेव्हाही महिपत इतका वाकला नाही, जितका हे ऐकून वाकला.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. एका बाजूला गंजलेला कोयता, दुसरीकडे कुणाची तरी चप्पल. गोटीवर वाळलेलं रक्त काळं पडलंय. निकालात माझ्याबद्दल एकच ओळ आहे: नाश करावा. शिपाई आज ना उद्या हातोडा घेऊन येईल.

त्यावर माझी तक्रार नाही. त्याला एवढंच सांगा, काच रस्त्यावर टाकू नको. स्टँडावरचे हमाल अनवाणी चालतात.