दोन्ही पाय बुडवा

मी एक जुना निळा ड्रम आहे. पुरता ड्रमही नाही, बुडाकडचा वीतभर तुकडा. बोईसरच्या एका साबण कारखान्याच्या भंगारातून भिकाने मला पाड्यावर आणलं, करवतीने कापलं आणि डुकरांच्या शेडच्या दारात ठेवलं. माझ्यात फिनेलचं पांढरं पाणी. आत जाणाऱ्याने पाय बुडवायचे, म्हणजे बाहेरचे रोगजंतू बाहेरच राहतात. काम एवढंच, पण तेवढंही माणसांना जड जातं हो!

भिकाची बायको सोमी रोज न चुकता पाय बुडवी. लाली डुकरिणीला आठ पिल्लं झाली होती. "ही जगली का यंदा भट्टीवर जायाला नको," ती म्हणे. दर दिवाळीनंतर गाव सोडून विटा पाडायच्या, याला ती विटली होती. भिका मात्र मला ढांग टाकून ओलांडायचा. "आपलीच डुकरं, आपलेच पाय. कशाला नाटकं?" असा राग यायचा मला!

एके दिवशी शेजारच्या पाड्यावरच्या बळवंतने घाण उपसायला मला मागून नेलं. त्याच्या डुकरांना हगवण लागली होती. भिकाला ठाऊक होतं, तरी दिलं. परत आलो तो बुडाला घाणीचा थर घेऊनच. भिकाने तांब्याभर पाणी फिरवलं आणि वर फिनेल ओतलं. "औषध हाय ना, मारील सगळं." अहो, घाणीत औषधच मरतं! पण एवढं मोठं तोंड असून मला बोलता कुठे येतं?

सकाळी भिका नेहमीसारखा मला ओलांडून गेला. सोमीने त्या पांढऱ्या पाण्यात दोन्ही पाय बुडवले आणि तशीच पिल्लांपाशी गेली.

चार दिवसांत सहा पिल्लं हगवणीने गेली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला कलंडवून बूड दाखवलं. सोमी म्हणाली, "म्हंजे मीच नेला रोग?" मग भिकाने मला काथ्याने असं घासलं, की माझा मूळ रंग दिसला. आता काय उपयोग!

मित्रांनो, आधी घासा, मग औषध घाला आणि दोन्ही पाय बुडवा. लाली आणि उरलेली दोन पिल्लं सोमीच्या आईकडे आहेत, मी रिकाम्या शेडच्या दारात पालथा पडलोय. ज्या पायांना माझ्यात क्षणभर थांबायला वेळ नव्हता, ते आता भट्टीवर दिवसभर चिखल तुडवताहेत. आणि त्यांच्या शेजारी सोमीचेही.