तळघरातल्या फर्नेसचा हेवा

मी विजेचा एक लहानसा हीटर बोलतोय. लाल होणाऱ्या दोन कांड्या, पुढे जाळी आणि वर उचलायला मूठ, एवढाच मी. पण माझ्या मनातला हेवा काही लहान नाही. निदान तुम्हाला तरी तो सांगतो.

राजाराम आणि मीनाक्षीनं मला १९८०च्या डिसेंबरात घेतलं. तो इंजिनिअर, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या त्यांच्या अपार्टमेंटमधला खोल्या तापवायचा रेडिएटर नुसता खडखडायचा, तापायचा नाही. जानेवारीत त्यांना मुलगी झाली, सुलेखा. दिवस भरायच्या आधीच आली. तिला घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, खोली गरम ठेवा. ते काम माझ्याकडे आलं.

चार हिवाळे मी ते केलं. तेल लावून झालं की सुलेखाला माझ्यासमोर निजवायचे. तिची दुपटी खुर्चीच्या पाठीवर टाकून माझ्या उबेत वाळवायचे. मीनाक्षी तर तासन्‌तास माझ्याजवळ बसायची, माझ्याकडे बघत. या बाईला आपल्याइतकं जवळचं कुणी नाही, असं मला वाटायचं.

मग त्यांनी पार्सिपनीत घर बांधायला काढलं. घर कशानं गरम करायचं, यावर जेवताना बोलणी सुरू झाली. बिल्डर म्हणत होता, भिंतींच्या कडेनं विजेचे हीटर लावून देतो, बसवायला स्वस्त पडतात. मला ते आवडलं. माझेच भाऊबंद.

पण एका रविवारी राजारामचा मित्र दिगंबर आला. त्याचा धंदाच घरं गरम करण्याचा.

"विजेवर अख्खं घर तापवशील तर बिल बघून घाम फुटेल," तो म्हणाला. "आधी भिंतीत आणि माळ्यावर भरपूर इन्सुलेशन घाल, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. मग तळघरात बसवायचा लहान फर्नेससुद्धा अख्खं घर तापवायला पुरतो. गॅसचे नवे फर्नेस आलेत. जुन्यांची बरीच ऊब चिमणीतून वर जायची. नव्यांचा धूर इतका गार निघतो की त्याला प्लॅस्टिकचा पाइप चालतो."

"पण बसवायला महाग आहे, यार," राजाराम म्हणाला.

"एकदाच महाग आहे."

दिगंबरनं आणलेल्या कॅटलॉगातलं फर्नेसचं चित्र सगळ्यांनी हातोहात पाहिलं. मला घेताना कुणी चित्रं पाहिली नव्हती. मी जळफळलो. वीज मीही कुठे वाया घालवतो? मिळेल तेवढी सगळी ऊब करून देतो. पण ते कुणी विचारलं नाही.

दिगंबर गेल्यावर राजाराम म्हणाला, "साधा, स्वस्तातला फर्नेस घेऊ. थर्मोस्टॅटवर घराचं तापमान कमी ठेवू आणि सुलेखाच्या खोलीत आपला हीटर लावू. चांगला चालतोय की."

मला हायसं वाटलं. माझी जागा ठरली होती.

मीनाक्षीनं हातातली ताटली खाली ठेवली. "तो हीटर नव्या घरात लावायचा नाही."

"का?"

"तुला सांगितलं नाही मी. पहिल्याच हिवाळ्यात माझा डोळा लागला होता. जाग आली तर सुलेखाच्या दुलईची कड काळी पडत होती. त्यानंतर चार हिवाळे मी धड झोपले नाही. त्याच्याकडे बघत बसायचे."

 दुसऱ्या दिवशी राजारामनं दिगंबरला फोन करून तो महागाचा फर्नेस सांगितला.

ती दुलई मला आठवते. तिची कड माझ्या जाळीला टेकली होती. मला ती जवळीक वाटली होती.

नव्या घरात मला गॅरेजमध्ये ठेवलं. तळघरातला फर्नेस हळूच सुरू व्हायचा, दमानं घर तापवायचा आणि गप्प व्हायचा. पहिल्या शनिवारी मीनाक्षी नऊपर्यंत झोपली. राजारामनं स्वतः चहा केला आणि तिला उठवलं नाही. गॅरेजच्या दारातून मी ते सगळं ऐकलं. तिच्यासाठी मी चार वर्षं तापलो, आणि ही झोप तिला फर्नेसनं दिली. फर्नेसचा इतका हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

तीन वर्षं गेली. परवा राजारामच्या ऑफिसातल्या गिरीशची बायको कांचन आली होती. अमेरिकेत नवीनच आलेली, सातवा महिना. "काकू, आमचं अपार्टमेंट फार थंड आहे. गॅरेजमधला तो जुना हीटर आम्ही नेऊ का?"

मी आशेनं ऐकत होतो.

"नको," मीनाक्षी म्हणाली. "घरमालकाकडे रेडिएटर दुरुस्त करून मागा. राजाराम येईल तुमच्याबरोबर. तोवर तू इथेच राहा." कांचन पाहुण्यांच्या खोलीत राहायला आली, आणि मीनाक्षीनं कात्रीनं माझी वायर कापली.

आज सकाळी मी कचऱ्याच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला आहे. सुलेखा मीनाक्षीबरोबर स्कूलबससाठी इथेच उभी होती.

"मॉम, व्हॉट इज दॅट?"

"तू एवढीशी होतीस ना, तेव्हा यानं तुला गरम ठेवलं. थँक यू म्हण त्याला."

"थँक यू, हीटर," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

फर्नेसला हे अजून कुणी म्हटलेलं नाही. गाडी येईपर्यंत एवढं तरी माझ्याकडे राहू द्या.